मरणाऱ्याला औषध विकत घेता येत नाही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



औषध महाग म्हणून गरिबाला मिळत नाही, ही तक्रार या सभागृहात कोणालाच नवी नाही. आजचा प्रश्न तिच्या शेजारचा, पण थोडा निराळा आहे. एका औषधाचा शोध लागून साठ वर्षे उलटली. त्याच्या मूळ रसायनाचे पेटंट केव्हाच संपले आणि ते बनविणे काही दुर्घट नाही. तरीही जगातल्या सर्वांत संपन्न देशात ते वेळेवर हाती न आल्याने हजारो माणसे दगावली. हे कसे घडले, आणि शासनाने ते फुकट वाटावयास घेतल्यावर पैसा कोणाच्या खिशात गेला, हे पाहावयाचे आहे.

नॅलोक्झोन हे त्या औषधाचे नाव. जॅक फिशमन व मोझेस लेवेनस्टाइन यांनी १९६१ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९७१ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली आणि १९८३ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल ही अफूच्या जातीची द्रव्ये मेंदूत जेथे ठाण मांडतात तेथून नॅलोक्झोन त्यांना हुसकावून लावते. मात्रा जास्त झालेल्या माणसाचा श्वास मंदावत थांबतो आणि काही मिनिटांतच मेंदूस इजा होऊ लागते. अशा वेळी सुईने किंवा नाकातील फवाऱ्याने हे औषध दिल्यास बहुधा दोन-तीन मिनिटांत श्वास परततो. त्याची नशा येत नाही. ज्याच्या शरीरात अफूजन्य द्रव्य नाही त्याला चुकून दिले तरी अपाय होत नाही. अंमल मात्र तास-दीड तासापलीकडे टिकत नाही, म्हणून रुग्णालय चुकत नाही.

आता अर्थशास्त्राकडे वळू. मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे; इच्छेच्या पाठीशी क्रयशक्ती हवी, हा पहिल्या वर्गातला पाठ. येथे तर इच्छेलाही जागा नाही. ज्याला औषध हवे तो बेशुद्ध पडलेला आहे. तो दुकानात जाऊ शकत नाही आणि औषध हाती असले तरी स्वतःस देऊ शकत नाही. ते आधीपासून दुसऱ्याच्या खिशात असावे लागते: त्याच्या आईच्या, खोलीतल्या सोबत्याच्या किंवा ग्रंथालयाच्या दारावरील पहारेकऱ्याच्या. यांपैकी कोणालाही स्वतःसाठी ते नको आहे, आणि नशा करणाऱ्यास आपण आज मरू असे वाटत नाही. तात्पर्य, गरज तीव्र आणि मागणी शून्य. आगीचा बंब ज्याच्या घराला आग लागली त्याने त्याच क्षणी विकत आणावा, असे कोणतीही नगरपालिका म्हणत नाही. येथे मात्र बाजार अनेक वर्षे तेच म्हणत राहिला.

ही कोंडी प्रथम फोडली ती शासनाने नव्हे, स्वयंसेवकांनी. १९९६ पासून शिकागोत सुया वाटणाऱ्या कार्यकर्त्यांनी नशा करणाऱ्यांच्याच हाती नॅलोक्झोन देण्यास आरंभ केला. डॉक्टरची चिठ्ठी ज्याच्या नावाची त्यालाच औषध, असा रिवाज असताना दुसऱ्याला वाचविण्यासाठी औषध देणे हे कायद्याच्या काठावरचे काम होते. शासने मागाहून आली. स्कॉटलंडने २०११ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि तुरुंगातून सुटणाऱ्या कैद्यालाही औषधाचा संच दिला. यामागची जाण महत्त्वाची आहे. तुरुंगात सवय तुटते, शरीराची सहनशक्ती घटते आणि बाहेर पडल्यावर जुनीच मात्रा प्राणघातक ठरते. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१२ पासून फुकट संच दिले आणि २०१६ साली तेथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणीच जाहीर करावी लागली. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून देशभर विनामूल्य व चिठ्ठीविना वाटप सुरू केले.

'फुकट' या शब्दाने मात्र समाजवाद्यांनी हुरळून जाऊ नये. इव्हझिओ या बोलत्या इंजेक्शनाची हकीकत त्यासाठी मुळातून ऐकण्यासारखी आहे. औषध तेच जुने. नवी होती ती उपकरणाची डबी, जी वापरणाऱ्यास तोंडी सूचना देत असे. २०१४ साली तिची छापील किंमत ५७५ डॉलर होती, ती कॅलिओ कंपनीने तीन वर्षांत ४,१०० डॉलरवर नेली. रुग्णाला बहुधा काहीच द्यावे लागू नये अशी व्यवस्था होती, म्हणून ओरड झाली नाही. डॉक्टरांकडून 'हेच उपकरण आवश्यक आहे' असे कागद भरून घेतले जात, आणि विमा कंपन्या व सरकारी योजना बिल चुकवीत. अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने नोव्हेंबर २०१८ मध्ये अहवाल दिला, तेव्हा मेडिकेअर व मेडिकेड या दोन सरकारी योजनांतून १४ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम या एका वस्तूवर गेल्याचे उघड झाले. टोकाला दाम शून्य आणि मधे लूट! हे उपकरण आता बाजारात नाही, पण त्याची रीत संपली असे मानण्याचे कारण नाही.

याउलट कॅलिफोर्नियाने काय केले? २०१८ पासून ते राज्य संस्था-संघटनांना हे औषध विनामूल्य पुरवीत होते. २०२४ साली त्याने ॲम्निल कंपनीशी करार करून नाकातील फवाऱ्याच्या जोडीचा भाव २४ डॉलर ठरवून घेतला. आदल्याच वर्षी चिठ्ठीविना विक्रीस आलेल्या नामांकित जोडीची किंमत सुमारे ४५ डॉलर होती. राज्याने कारखाना काढला नाही, राष्ट्रीयीकरणही केले नाही. केवळ मोठा गिऱ्हाईक म्हणून भावाला बसले. एवढ्यानेही भाव निम्म्यावर येतो, तर मूळ भावात किती हवा होती याचा अंदाज करावा.

हिशेबच मांडावयाचा तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉफिन व सलिव्हन यांच्या अभ्यासात, जपून धरलेल्या गृहीतांवर, हेरॉइन घेणाऱ्यांना वाटलेल्या दर २२७ संचांमागे एक मृत्यू टळतो असे आढळले. २४ डॉलरच्या भावाने ते साडेपाच हजार डॉलरच्या आत बसतात. इव्हझिओच्या दोन नगांची किंमत याहून जास्त होती.

अशाने व्यसनी माणूस बेफिकीर होईल, हा आक्षेप ठरलेला आहे. रेशन दिल्याने माणूस आळशी होतो असे म्हणणारेच तो घेतात. ज्यांनी हे औषध दिलेला माणूस शुद्धीवर येताना पाहिला असेल ते तो घेणार नाहीत: नशा एकदम उतरून उलट्या, कंप आणि तडफड सुरू होते, हे सुख कोणी मुद्दाम मागत नाही. मॅसॅच्युसेट्समधील १९ गावांच्या अभ्यासात तर जेथे अधिक लोकांना शिकवून औषध दिले तेथे मृत्यूंचे प्रमाण अधिक घटलेले दिसले.

अर्थात या औषधाने व्यसन सुटत नाही. वाटप वाढत असतानाही २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी अमेरिकेत अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक मृत्यू झाले, कारण हेरॉइनच्या जागी त्याच्या सुमारे ५० पट प्रभावी असे फेंटानिल आले. २०२४ साली आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. त्याचे सारे श्रेय नॅलोक्झोनला देणे घाईचे होईल. आणि या साथीचे मूळ गल्लीत नव्हते. १९९६ साली पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी धडाक्याने खपविण्यास घेतली, तेथे ते आहे. औषध कंपन्यांनी व वितरकांनी राज्यांशी केलेल्या तडजोडींची एकूण रक्कम ५० अब्ज डॉलरवर गेली. तेवा कंपनीच्या २०२२ च्या तडजोडीत १.२ अब्ज डॉलरपर्यंतचे नॅलोक्झोन वस्तुरूपाने देण्याचे ठरले. ही रक्कम छापील भावाने मोजलेली; माल नको असलेल्या राज्यास रोकड घेता येई, पण तिची एकूण मर्यादा २४ कोटी डॉलर. म्हणजे रुपयाचा माल वीस पैशांना!

भारतापुरते पाहता, २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार अफूजन्य द्रव्यांच्या वापरामुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक देशात आहेत आणि सुईने नशा करणारे साडेआठ लाख. बदली उपचाराची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी केंद्रांत फुकट मिळते, ही जमेची बाजू. नॅलोक्झोनचे इंजेक्शनही राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहे. पण त्याची जागा मुख्यतः रुग्णालयाच्या कपाटात आहे, आणि मुंबईत ज्याला 'गर्दुल्ला' म्हणून हिणवतात तो पडतो पुलाखाली. त्याला उचलून नेणारा असतो तो त्याच्यासारखाच दुसरा. त्याला पोलिसांची धास्ती असते, कारण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या २७ व्या कलमाने सेवन हाच गुन्हा आहे. उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनाधीनास ६४-अ कलमाने काही संरक्षण मिळते. अमेरिकेत २००७ साली न्यू मेक्सिकोने मदत बोलाविणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा केला आणि पुढे बहुतेक राज्यांनी तो उचलला. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला रुग्णालयात नेणाऱ्यास भारतातही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमात अभय मिळाले आहे. श्वास थांबलेल्या सोबत्याला नेणाऱ्यासाठी अमली पदार्थ कायद्यात तसे कलम नाही.