पाळी बदलताना

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरी यांनी घडविलेले आणि १९५९ साली उभे राहिलेले चार मजुरांचे शिल्प आपण पाहिलेच असेल. शिळा हलविताना त्यांच्या पाठी कशा ताणल्या आहेत, हे डोळ्यांसमोर आणूनच १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखविल्या गेलेल्या, फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटाकडे वळावे, अशी माझी विनंती आहे.

भविष्यकाळातील या नगरीत धनिकांची वस्ती गगनचुंबी इमारतींत आणि मजुरांची भूगर्भात, एवढे कथानक पुरे. आपण पाहावयाचा तो पाळी बदलण्याचा प्रसंग. कामावर जाणारी आणि कामावरून सुटलेली अशा दोन रांगा शेजारून सरकतात, माना दोहींतही खाली, पण सुटलेल्यांची चाल जाणाऱ्यांच्या निम्मी. दहा तासांच्या घड्याळाने माणसातून काय काढून घेतले, याचा हिशेब लांग केवळ पावलांच्या लयीने मांडतात. मरीनावरील मजूर दगडाशी झुंजतो. येथील मजुराला झुंजावयाला दगडही नाही, स्वतःच यंत्राचा काटा होऊन तो दिवे लागतील तिकडे हात फिरवीत राहतो.

त्या उत्तुंग इमारती म्हणजे पुष्कळदा लहान प्रतिकृती होत. कॅमेऱ्यासमोर तिरक्या धरलेल्या आरशात त्यांचे प्रतिबिंब घ्यावयाचे आणि आरशाचा काही भाग खरवडून त्यातून पलीकडचे नट दाखवावयाचे, ही ऑयगेन श्युफ्टान यांची हिकमत.

पटकथा लांग यांच्या पत्नी थेआ फॉन हार्बो यांची. लांग यांच्याशी काडीमोड झाल्यावर त्यांनी बेळगावकडच्या आयी तेंडुलकर या पत्रकाराशी विवाह केला, म्हणजे नात्याने त्या आपल्याच सूनबाई! तरीही शेवट त्यांना साधला नाही, हे सांगणे भाग आहे. मालकाच्या पुत्राने मालकाचा आणि मुकादमाचा हात एकमेकांत द्यावा आणि तंटा तहकूब व्हावा, हे पुढे खुद्द लांग यांनाही रुचेनासे झाले. मग मरीनाच्या ज्या शहरात १९१८ मध्येच मजूर संघ स्थापन झाला आणि १ मे १९२३ रोजी सिंगारवेलर यांनी समुद्रकिनाऱ्यावर देशातील पहिला कामगार दिन साजरा केला, तेथील प्रेक्षकाला ते कसे पटावे?

चित्रपट पाहावयाचा तर २०१०ची जीर्णोद्धारित प्रत मिळवावी. मध्येच पडद्यावर ओरखड्यांची दाट सर लागली, तर यंत्र बिघडले असे समजू नये. मूळ चित्रपटातून कापला गेलेला तो ओरखडलेला भाग २००८ साली ब्वेनोस आयरेसच्या एका संग्रहालयात सापडला आहे.