शेअरचा भाव भांडणाआधी ठरवा



दहा शेतकऱ्यांनी मिळून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. गोदाम बांधले, डाळमिल टाकली. पंधरा वर्षांनी त्यातला एक वारला. त्याची बायको म्हणाली, "पोरीच्या शिक्षणाला पैसा पाहिजे, आमचे शेअर घ्या." नऊ जण म्हणाले, "वहिनी, दादांनी पन्नास हजार भरले होते, तेवढे घेऊन जा." तो तंटा सोडवायला मी बसलो होतो. आकडे गोळाबेरीज करून सांगतो.

दहा रुपयांचे पन्नास हजार शेअर, म्हणजे वसूल भांडवल ५ लाख. राखीव निधी ११ लाख. वहीप्रमाणे शेअर ३२ रुपयांचा. पण जमीन, गोदाम, मिल आणि माल बाजारभावाने ६२ लाखांचा, कर्ज २२ लाख. उरले ४० लाख. शेअर पडला ८० रुपयांना! वहिनींचे चार लाख होतात आणि हातावर टेकवत होते पन्नास हजार.

घेणाराच भाव ठरवतो, म्हणून आपण व्यापाऱ्याच्या नावाने ओरडतो. इथे घेणारे आपण होतो, तर आपणही तेच केले.

पैसा आणायचा कुठून? नऊ जण स्वतः शेअर घेऊ शकतात, हप्ते ठरवू शकतात. कंपनीनेच घ्यायचे तर २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम ६८ पाहावे लागते. नियमावलीत तरतूद हवी, सभेचा विशेष ठराव हवा. देकार सगळ्यांना द्यायचा, बाकीच्यांनी तो नाकारायचा. रक्कम भांडवल आणि मुक्त राखीव निधीच्या चौथाईच्या आत हवी. इथे १६ लाखांची चौथाई ४ लाख, काठोकाठ बसते. खरेदीनंतर कर्ज उरलेल्या भांडवल-निधीच्या दुपटीपुढे जाता कामा नये. इथे कर्ज २२ लाख, तेही बसते. मात्र बँकेचे कर्ज काढून शेअर घेता येत नाहीत.

हिशेब एका दुपारी झाला. मने जुळायला दोन वर्षे गेली, आणि पोरीचे कॉलेज तेवढे लांबले.

म्हणून गावी गेलात की कंपनीची नियमावली बाहेर काढा. मूल्यांकन कोण करणार, कोणत्या हिशेबाने, पैसे किती दिवसांत, एवढे लिहून ठेवा. दरवर्षी वार्षिक सभेत शेअरचा भाव वाचून दाखवा. उद्या विकणारा कोण आणि घेणारा कोण, हे आज कुणालाच ठाऊक नाही. म्हणूनच आज ठरलेला भाव खरा.