रानवाटेची फटफटी की शर्यतीची?



बी-बियाणे, खते, गुरांचे आजार हे नेहमीचे विषय सोडून आज फटफटीचे काय काढले, असे काहींना वाटेल. पण पालमच्या बाजाराच्या दिवशी घटकाभर रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहा. बैलगाड्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि फटफट्या मात्र मोजता मोजता आपणच थकू. दुधाच्या किटल्या, बियाण्याची पिशवी, फवारणीचा पंप, शाळेला निघालेले गुरुजी, दवाखान्यात न्यायची म्हातारी, साऱ्यांचा भार तिच्यावर. फटफटी हे आता शेतीचे एक औजारच होऊन बसले आहे. मग औजार घेताना जी पारख आपण करतो, ती येथेही करावयास नको काय?

अलीकडे घरोघरी एक नवाच वाद ऐकू येतो. मुलगा मोबाईलवर मातीतल्या उड्या पाहतो. उंच मडगार्ड, दातेरी टायर, दोन माणसे उंच हवेत उडणारी गाडी. तो म्हणतो, "आण्णा, आपल्याला शेतात जायला अशीच गाडी पाहिजे. चिखलातून कशी निघते बघा की!" वडील म्हणतात, "किंमत किती?" मुलगा म्हणतो, "किमतीचं नंतर बघू." येथे वडील गप्प बसतात आणि घोटाळा होतो तो येथेच. कारण मुलाला जी दिसली ती एक गाडी नसून दोन निराळ्या जातींच्या गाड्या आहेत. दिसायला बहिणी-बहिणी, पण कामाला मुळीच सारख्या नव्हेत.

आपल्या शेजारच्या कंधार-लोहा भागातली लाल कंधारी जनावरे आपण सगळे ओळखतो. औताला जुंपलेला लाल कंधारी बैल दिवसभर त्याच चालीने चालतो, उन्हात टिकतो, मिळेल तो कडबा खातो. आता शंकरपटाचा खोंड पाहा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा उचलून धरला आणि बैलांच्या शर्यती पुन्हा रीतसर भरत आहेत, तेव्हा हा खोंडही आता डोळ्यांसमोर आहे. तो काही क्षण जिवाच्या आकांताने पळतो. त्याचा खुराक वेगळा, त्याची मालीश वेगळी, आणि मैदानावर तो चालत जात नाही, टेम्पोत बसून जातो. त्या खोंडाला कोणी नांगराला जुंपीत नाही. जुंपला तर खोंडही जाईल आणि नांगरटही व्हायची नाही. रानवाटेची मोटारसायकल म्हणजे तो औताचा बैल, आणि मोटोक्रॉसची मोटारसायकल म्हणजे हा पटाचा खोंड.

दोहींचा जन्मही निराळ्या गरजेतून झाला. मातीत मोटारसायकली पळविण्याची शर्यत इंग्लंडात कॅम्बर्ली येथे १९२४ साली झाली. तेव्हा तिला 'स्क्रॅम्बल' म्हणत. पुढे मोटोक्रॉस हे नाव पडले आणि त्या शर्यतीपुरतीच यंत्रे बनू लागली. रस्त्यावरून चालत जाऊन रानातही शिरेल अशी हलकी गाडी लोकांना हवीच होती. १९६८ च्या सुमारास जपानच्या यामाहा कंपनीने २५० सी.सी.ची डी.टी. १ ही गाडी काढली, आणि रानवाटेच्या गाड्यांची खरी लाट तिच्यापासून आली. आपल्या देशात हीरो कंपनीने २०११ साली इम्पल्स नावाची गाडी काढून पाहिली. ती फारशी चालली नाही. २०१९ मध्ये त्याच कंपनीची एक्सपल्स २०० आली आणि ही जात आपल्याकडे ओळखीची झाली.

आता प्रत्यक्ष गाड्याच शेजारी शेजारी उभ्या करू. एकीकडे एक्सपल्स २००, दुसरीकडे कावासाकीची के.एक्स. २५०, म्हणजे अस्सल मोटोक्रॉसची गाडी. पहिलीचे वजन साधारण १५४ किलो, दुसरीचे १०८ च्या आसपास. ऐकल्याबरोबर वाटते की हलकी ती बरी. एका बाबतीत ते खरेही आहे. चिखलात आडवी झालेली गाडी एकट्याने उभी करताना पंचेचाळीस किलो म्हणजे काय, हे ज्याने उचलली त्यालाच ठाऊक. पण हे वजन कमी कशाने झाले, तेही पाहिले पाहिजे. दिवा नाही, भोंगा नाही, आरसा नाही, वळण दाखविणारे दिवे नाहीत. मागे माणूस बसवायला जागा नाही. उभी करायला बाजूची घोडीसुद्धा नाही, खाली निराळा ठोकळा ठेवावा लागतो. टाकीत पेट्रोल मावते सहा लिटरांच्या जरासे वर, एक्सपल्सच्या टाकीत तेरा. जागतिक स्पर्धेतली एक फेरी ३० मिनिटे अधिक मैदानाच्या दोन चकरा एवढीच असते. तेवढ्यापुरते पेट्रोल असले की त्यांचे भागते. आपले भागेल का?

बसण्याची उंची पाहा. एक्सपल्सची ८२ सेंटिमीटर, शर्यतीच्या गाडीची ९५ च्या आसपास. कारण तिला उडी मारून खाली यायचे असते, म्हणून तिची चाके ३० सेंटिमीटर वरखाली होतील अशी योजना असते. आपल्याला उडी मारायची नाही. आपल्याला पांदीत दोन्ही बाजूंनी पाय टेकवीत, हळूहळू, मागे आईला किंवा बायकोला बसवून पुढे सरकायचे आहे. पाय टेकला नाही की गाडी कलली, आणि कललेली गाडी काळ्या मातीत थांबत नसते.

आणखी एक गोष्ट मिस्त्री लोक सांगतील, पण विकणारा सहसा सांगणार नाही. शर्यतीच्या गाडीचे इंजिन पाण्याने थंड होते, पण रेडिएटरला बहुधा पंखा नसतो. पळताना समोरून येणारा वारा हाच तिचा पंखा. ती गाडी घेऊन तुम्ही म्हशींच्या कळपामागून पावलापावलाने निघालात, तर थोड्याच वेळात वाफ निघायला लागेल. तिचा जोर असतो तो इंजिन भरधाव फिरताना. हळू चालीत ती धक्के देते, बंद पडते, क्लच जाळते. रानवाटेच्या गाडीचा जोर खालच्या फेऱ्यांतच सुरू होतो, नांगराच्या बैलासारखा.

आपल्या तालुक्याची जमीन एकसारखी नाही. गोदाकाठची जांभूळबेटाकडची शिवारे म्हणजे काळी, खोल, चिकण माती. दक्षिणेला बालाघाटाच्या बाजूला गेलो की मुरूम, गोटे आणि चढउतार. माळावर मोठे पुढचे चाक उपयोगी पडते. या दोन्ही जातींच्या गाड्यांचे पुढचे चाक बहुधा २१ इंची असते, ते गोट्यावर आणि बांधावर अडत नाही, चढून जाते. काळ्या मातीत मात्र चाकापेक्षा मडगार्ड महत्त्वाचे. साध्या गाडीचे मडगार्ड चाकाला चिकटून असते. पावसाळ्यात त्यात माती भरत भरत चाकच जखडते, मग मालक खाली उतरून काडीने माती उकरीत बसतो. हे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. उंच मडगार्ड ते शोभेसाठी नव्हे, मातीला पडायला जागा मिळावी म्हणून. तरीही सांगतो, वाफसा नसलेल्या रानात जसे औत घालीत नाहीत, तशी गाडीही घालू नये. कितीही दातेरी टायर असो, दोन फेऱ्यांत दाते मातीने बुजतात आणि तो गुळगुळीत टायर होऊन बसतो.

पुराच्या पाण्याचे तर विचारूच नका. लेंडी नदीला पूर आला की फळा, आरखेडकडची वाट बंद पडते, हे आपण वर्षानुवर्षे पाहतो. गाडी उंच आहे म्हणून पाणी ओलांडू, असा विचार ज्याच्या मनात येतो त्याने लक्षात ठेवावे की, वाहत्या पाण्यात हलकी गाडी आधी वाहते. पुलावर पाणी असेल तर दोन्ही जातींच्या गाड्या अलीकडेच उभ्या करायच्या.

आता पैशाचे. के.एक्स. २५० ची किंमत २०२४ च्या सुमारास आठ लाखांच्या घरात होती. रस्त्यावर चालणारी कावासाकीची के.एल.एक्स. २३० ही रानवाटेची गाडी २०२५ मध्ये भारतात तयार होऊ लागल्यावर दोन लाखांच्या आत आली. पण खरा खर्च विकत घेताना होत नाही, नंतर होतो. ट्रॅक्टरवर तास मोजणारे घड्याळ असते, तसाच शर्यतीच्या गाडीचा हिशेब किलोमीटरवर नसून तासांवर असतो. थोड्या तासांनी तेल बदला, दरवेळी हवेची गाळणी धुवा, आणि शर्यतीत नेटाने पळविली तर काही दहा-वीस तासांनी पिस्टनच बदला, असे तिचे पथ्य असते. ते सुटे भाग पालमला मिळणार नाहीत, परभणीलाही अवघड. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत गाडी पुण्याहून पार्सल यायची वाट पाहत ओसरीवर उभी राहिली, तर तिचे काय करायचे?

येथे एक सापळा आहे, तो नीट ऐका. के.एल.एक्स. २३० आणि के.एल.एक्स. २३० आर एस अशा दोन गाड्या जवळजवळ एकाच नावाने मिळतात. पहिली रस्त्यावर चालते. दुसरी केवळ रानात किंवा बंद मैदानात चालवायची आहे, तिची नोंदणी होत नाही. किमतीत फारसा फरक नाही, म्हणून फसगत सोपी. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या ३९ व्या कलमान्वये नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक जागी चालविता येत नाही. आता कोणी म्हणेल, "मी तर शेतातच चालवणार आहे." ठीक. पण घरापासून शेतापर्यंत मधला गावरस्ता, शिवरस्ता कोणाचा? तो सर्वांचा. तेथे नोंदणीवाचून आणि विम्यावाचून गाडी निघाली आणि कोणाला धडकली, तर जखमी माणसाच्या भरपाईचा बोजा थेट सातबाऱ्यापर्यंत येऊ शकतो. दहा एकरांचे शेत गाडीपायी विकायची वेळ कोणावर न येवो.

शिक्षक मित्रांसाठी दोन शब्द वेगळे. नववी-दहावीची मुले गाड्या घेऊन शाळेत येतात, हे आपण पाहतो आणि पुष्कळदा पाहून न पाहिल्यासारखे करतो. कायद्याप्रमाणे सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सी.सी.च्या आतल्या, गियर नसलेल्या गाडीचा. बाकी साऱ्या गाड्यांना अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला वा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी एक वर्षाकरिता रद्द होते. पालकसभेत हे एकदा वाचून दाखवावे. नुसते रागावण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो, असे माझे मत आहे.

मुलाला शर्यतीचीच खरी ओढ असेल तर? तर त्याला हिणवू नये. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीच्या क्रीडानगरीत सुपरक्रॉसची मोठी लीग भरली. तीत परदेशी स्वारही उतरले आणि लहान मुलांसाठी ८५ सी.सी.चा वेगळा गट होता. बंगळूरचे सी. एस. संतोष मातीच्या शर्यतींतूनच वर आले आणि २०१५ साली डकारची खडतर शर्यत पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. ही वाट आहे, पण ती गावच्या रस्त्यावरून जात नाही. ती बंद मैदानावरून, शिकविणाऱ्या माणसाच्या नजरेखालून आणि मोटार क्रीडा महासंघाच्या परवान्यातून जाते. अंगावर छातीचे कवच, गुडघ्यांची कवचे, मानेचा पट्टा आणि जाड बूट, एवढे सामान गाडीच्या आधी घ्यावे लागते. मैदानाशेजारी रुग्णवाहिका उभी असते. आपल्या माळावर ती नसते.

बरे, या दोन्हींतली कोणतीच न घेता चालणार नाही काय? माझ्या मते दहांपैकी सात-आठ घरांना चालेल. ज्याचे शेत डांबरी सडकेपासून हाकेच्या अंतरावर आहे, त्याला शंभर-सव्वाशे सी.सी.ची साधी गाडी पुरते. मागचा टायर खोल खाचांचा बसवावा, पावसाळ्यापुरते पुढचे मडगार्ड मिस्त्रीकडून थोडे वर घ्यावे. सायलेन्सर मात्र काढू नये. त्याने जोर वाढत नाही, फक्त गाव जागे होते. २०२१ पासून पाणंद रस्त्यांची जी सरकारी योजना आली आहे, तिच्यातून आपल्या शिवाराची वाट पक्की होणार असेल, तर मग दोन लाख गाडीत घालण्यापूर्वी ग्रामसेवकाकडे एक चक्कर मारून यावी.

ज्याची वाट खरोखरच वाईट आहे, रोज चार-पाच मैल मुरूम आणि चिखल तुडवायचा आहे, त्याने रानवाटेची गाडी जरूर घ्यावी. दुकानात गेल्यावर तिच्यावर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, ते पाहावे. मागे घरातले माणूस बसवून पुन्हा पाहावे. परभणीच्या परिवहन कार्यालयातून एम.एच. २२ चा क्रमांक मिळेल, असे दुकानदाराकडून लेखी घ्यावे. हवेची गाळणी, क्लचच्या पट्ट्या आणि चेन कोठे मिळेल, ते पालमच्या आपल्या मिस्त्रीला आधी विचारून ठेवावे. आणि जमले तर गाडी वैशाखात, दुकानासमोरच्या कोरड्या डांबरावर चालवून पाहण्याऐवजी, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर ज्याच्याकडे तशी गाडी आहे अशा एखाद्या सोयऱ्याच्या शेतात जाऊन पाहावी.