ग्रेशम पॅलेसमधल्या दोन रात्री

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' असा विषय दिला होता. तो मी परत केला. त्यावर हल्ली सगळेच बोलतात, आणि तुमच्या मुलांना त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याऐवजी मी एका हॉटेलबद्दल बोलणार आहे. (मागच्या बाकांवरून आत्ता जो आवाज आला, तो इतक्या वर्षांत अजिबात बदललेला नाही.)

मी विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. त्यातला दाव्यांचा भाग माझ्याकडे असतो. म्हणजे विमा उतरवलेला माणूस गेला की त्याच्या घरच्यांना पैसे कोणत्या क्रमाने, कोणती कागदपत्रं पाहून द्यायचे, ते. माझे बाबा एलआयसीचे एजंट होते हे इथे कुणाला सांगायला नको. स्टाफरूममधल्या निम्म्या पॉलिसी त्यांच्या हातच्या. मधल्या सुट्टीत त्यांची सायकल शाळेच्या फाटकापाशी दिसली की आज कुठल्यातरी सरांचा हप्ता आहे, हे आख्ख्या वर्गाला कळायचं.

गेल्या वर्षी कामासाठी मी बुडापेस्टला गेले आणि या वेळी आईला सोबत नेलं. कंपनीने दिलेलं हॉटेल साधं, स्वच्छ, ट्रामच्या थांब्याजवळ होतं. काम संपल्यावर मात्र मी माझ्या पैशाने दोन रात्री ग्रेशम पॅलेसमध्ये खोली घेतली. तिचं भाडं मी सांगणार नाही. आई पहिल्या रांगेत बसली आहे आणि तिला मी निम्माच आकडा सांगितलेला आहे.

हेच हॉटेल का? नावामुळे. माझी पहिली नोकरी मुंबईत फोर्टमध्ये होती. तिथे ग्रेशम अॅश्युरन्स हाउस नावाची इमारत आहे. एकदा बाबा आले होते तेव्हा त्या पाटीखाली उभे राहून म्हणाले, "ही विलायती विमा कंपनी. १९५६ च्या आधी आपल्याकडे अशा कितीतरी होत्या." त्या वर्षी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि देशी, परदेशी, भविष्यनिर्वाह संस्था धरून २४५ संस्थांचा कारभार एकत्र करून एलआयसी उभी राहिली. हा आकडा बाबांना पाठ होता. बुडापेस्टच्या नकाशावर नदीकाठी ग्रेशम हे नाव दिसलं, तेव्हा मला ती फोर्टमधली पाटी आठवली. कंपनी तीच, लंडनची ग्रेशम लाइफ अॅश्युरन्स.

डॅन्यूबच्या एका काठाला बुडा, दुसऱ्या काठाला पेस्ट. बुडाकडे टेकडी आणि राजवाडा, पेस्टकडे सपाटी आणि बाजार. १८७३ मध्ये ही गावं अधिकृतपणे एक झाली, पण त्यांना जोडणारा पहिला कायमचा पूल त्याआधीच, १८४९ मध्ये, झाला होता. तो सेचेनी साखळी पूल. ग्रेशम पॅलेस त्या पुलाच्या पेस्टकडच्या टोकासमोरच उभा आहे. म्हणजे गावातली सगळ्यात मोक्याची जागा. विमा कंपनीने तिथे जागा का घ्यावी? याचं उत्तर आपल्या कुठल्याही एजंटाने दिलं असतं. लोकांचे हप्ते येत राहतात, दावे पुढे कधीतरी द्यायचे असतात, तोवर तो पैसा सुरक्षित ठेवायला हवा. मोक्याच्या इमारतीचं भाडं दर महिन्याला येतं. शिवाय इमारतच जाहिरात करते: बघा, आम्ही किती पक्के आहोत.

१९०६ च्या सुमारास ती बांधून झाली. वास्तुरचनाकार झिगमोंड क्विटनर आणि योझेफ वागो. खाली कार्यालयं आणि दुकानं, वर श्रीमंतांना भाड्याने द्यायची घरं. आत शिरताना लोखंडी फाटकावर मोर आहेत. ते आईला फार आवडले. "पैठणीवरचेच वाटतात," म्हणाली. फाटकातून आत गेलं की मोठा बोळ लागतो. त्याला बोळ म्हणणं अन्याय आहे, पण मला दुसरा शब्द सुचत नाही. वर काचेचं छत, खाली रंगीत तुकड्यांची फरशी, भिंतींना पेच गावच्या झोल्नाय कारखान्याच्या चकाकत्या फरश्या. जिन्याच्या रंगीत काचा मिक्शा रोत या नामांकित कारागिराच्या. दर्शनी भिंतीवर सोळाव्या शतकातल्या सर थॉमस ग्रेशम या लंडनच्या व्यापाऱ्याचा मुखवटा कोरलेला आहे. ज्यांनी अर्थशास्त्र घेतलं होतं त्यांना खोट्या नाण्यामुळे खरं नाणं चलनातून जातं हा नियम आठवत असेल. तेच हे ग्रेशम.

खोलीचं वर्णन फार करत नाही. गादी मऊ होती, उशा मोजल्या तर सहा होत्या, आणि खिडकीतून समोर पूल, पुलापलीकडे राजवाडा. संध्याकाळी पुलाचे दिवे लागले तेव्हा आईने चिवड्याचा डबा उघडला आणि आम्ही दोघी खिडकीत बसून चिवडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली आवरायला मुलगी आली, तेव्हा आईने चादरी घडी घालून, टॉवेल वाळत टाकून ठेवले होते. ती मुलगी बघतच राहिली.

त्या सकाळी काचेच्या छताखाली चहा पिताना आईने विचारलं, "अगं, हे हॉटेल नव्हतं तेव्हा इथे कोण राहायचं?"

आई लग्नानंतर बावीस वर्षं वाड्यात भाडेकरू म्हणून राहिली. सामायिक नळ, सामायिक जिना. त्यामुळे कुठल्याही मोठ्या घरात गेली की तिचा पहिला प्रश्न हाच असतो. मी स्वागतकक्षातल्या माणसाला विचारलं, आणि नंतर रात्री वाचूनही काढलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, जानेवारी १९४५ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा पूल उडवला. तो पुन्हा बांधून १९४९ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, खुला झाला. युद्धानंतर इमारतीत सोव्हिएत सैनिक राहिले. पुढे कम्युनिस्ट राजवटीत ती सरकारची झाली आणि तिच्यात सामान्य भाडेकरू राहू लागले. चार-पाच दशकं ही साधी राहती इमारत होती. मोरांच्या फाटकातून माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन आत येत असणार. १९९० नंतर ती शहराच्या ताब्यात आली, मग विकली गेली. हॉटेल करायचं ठरल्यावर भाडेकरू कोर्टात गेले, दावे चालले. २००४ मध्ये फोर सीझन्स हॉटेल सुरू झालं.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "जिना मात्र त्यांनी छान जपलाय." वाडा पाडला तेव्हा तिला आमच्या जिन्याचा कठडा हवा होता. तो मिळाला नाही.

दुपारी आम्ही नदीकाठाने संसदेच्या दिशेने चालत गेलो. हॉटेलपासून काही मिनिटांवर, अगदी पाण्याच्या कडेला, लोखंडाचे बूट ठेवलेले आहेत. साठ जोड. पुरुषांचे, बायकांचे टाचेचे, लहान मुलांचेही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अॅरो क्रॉस या हंगेरीतल्या फासिस्ट पक्षाच्या लोकांनी ज्यूंना काठावर उभं करून गोळ्या घातल्या आणि प्रेतं नदीला दिली. बुटांना किंमत होती म्हणून आधी ते काढायला लावत. हे स्मारक २००५ साली झालं.

आई बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "नोकरदार, दुकानदार माणसं असतील. यांचे विमे असतीलच की. घरच्यांना मिळाले का?"

हा प्रश्न विमा एजंटाच्या बायकोलाच पडू शकतो. आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं, कारण माझ्या कामात ते शिकवलं जातं. युद्धानंतर युरोपभर वारसांनी विमा कंपन्यांकडे पैसे मागितले, तेव्हा अनेकांना मृत्यूचा दाखला आणा असं सांगण्यात आलं. छळछावणी दाखला देत नाही. नदीही देत नाही. पॉलिसीचा कागद घराबरोबर गेलेला. अखेर १९९८ मध्ये या दाव्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री लॉरेन्स ईगलबर्गर त्याचे अध्यक्ष होते. २००७ पर्यंत आयोगाने ४८,००० हून अधिक लोकांना मिळून ३० कोटी डॉलरच्या वर रक्कम मिळवून दिली. काही दावेदार तोवर ऐंशी-नव्वदीचे झाले होते. किती वारस त्याआधीच गेले असतील, ते तुम्हीच बघा.

माझ्या पडद्यावर 'मृत्यूचा दाखला' हा रकाना असतो. त्याच्यापुढे लाल फुली असते, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. बहुतेक वेळा हे योग्यच आहे, नाहीतर कुणीही कुणाचेही पैसे नेईल. पण त्याला एक आडवाट लागतेच: पुरात वाहून गेलेला माणूस, सात वर्षं बेपत्ता असलेला माणूस. त्या सहलीनंतरच्या प्रकल्पात मी ही आडवाट मागितली. ती कोणी उघडायची, कोणते पर्यायी पुरावे धरायचे, यावर दोन महिने वाद झाले. हिशेबवाल्यांना ती नको होती. शेवटी ती आली.

बाबांची आडवाट म्हणजे एसटी होती. आपल्याच शाळेतले एक शिपाई अचानक गेले, तेव्हा पॉलिसीवर त्यांचं नाव एक आणि दाखल्यावर दुसरं होतं. बाबा त्यांच्या पत्नीला घेऊन साताऱ्याला ब्रँचमध्ये तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला मुख्याध्यापकांचं पत्र सोबत होतं. ते पत्र देणारे सर आज समोर बसले आहेत. त्यांना ही गोष्ट आठवत नसेल, आईला आठवते.

दुसऱ्या रात्री झोपण्याआधी आई खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "लोकांच्या हप्त्यांतून बांधलंय होय हे सगळं? मग त्यांना हे कळेल असे होते बघ." म्हणजे बाबा. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी ती त्यांचं नाव घेत नाही.

आता कामाचं. बाबांच्या तीन वह्या मी आज सोबत आणल्या आहेत. १९८१ पासूनच्या पॉलिसींची नोंद त्यांत आहे: नाव, क्रमांक, नॉमिनी, मुदत. काही पॉलिसींपुढे मुदत संपल्याची खूण आहे, पण पैसे उचलल्याची नाही. आपल्याकडे विम्याची रक्कम दहा वर्षं कुणी मागितली नाही तर ती ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, पण तिथूनही वारसांना पंचवीस वर्षांपर्यंत मागता येते. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख घालून ती शोधता येते. ज्यांचे आईवडील, काका, सासरे बाबांकडे विमा उतरवत असत, त्यांनी चहाच्या वेळी ग्रंथालयाच्या खोलीत यावं. मी लॅपटॉप घेऊन तिथे बसणार आहे आणि वह्या आईजवळ आहेत. बाबांचं अक्षर तिलाच लागतं.