व्यासपीठ आणि त्याचा आश्रयदाता



स्थानिक उद्योजकांनी विद्यापीठात येऊन बोलावे आणि त्या व्याख्यानमालेचा खर्च उद्योगक्षेत्राने उचलावा, या कल्पनेला सहसा कोणाचाच विरोध नसतो. परंतु खर्चाचा प्रश्न सुटला की त्याहून कठीण असा दुसरा प्रश्न उभा राहतो. पैसा देणाऱ्याचा त्या व्यासपीठावर अधिकार किती? आज विचार करावयाचा आहे तो याच प्रश्नाचा.

महाराष्ट्राला व्याख्यानमाला नवीन नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. याच रानडे यांनी १८९२ साली डेक्कन महाविद्यालयात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. देशाचे दारिद्र्य केवळ हळहळून हटणार नाही, त्यासाठी उद्योग उभे राहिले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. म्हणजे उद्योग हा विषय विद्येच्या प्रांगणात आणण्याचे काम शतकापूर्वीच झाले आहे. मात्र त्या काळी उद्योगाविषयी बोलणारे विद्वान होते. आता उद्योग करणाऱ्यांनी स्वतः बोलावयाचे आहे.

ते बोलणे स्थानिकांचेच का असावे? परदेशातील यशस्वी पुरुषांच्या कथा पुस्तकांतून वाचता येतात. त्या वाचून विद्यार्थी थक्क होतो, पण हे आपल्यालाही जमेल, असे त्याला वाटतेच असे नाही. याउलट १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसराचाच विचार करावा. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांत उद्यमशीलतेची केवढी परंपरा आहे! इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत, कोल्हापूरचे ओतकाम आहे, भिलवडीला १९३९ साली सुरू झालेला चितळे यांचा दुग्धव्यवसाय आहे. आणि याच मुलखात किर्लोस्करवाडी आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना चित्रकार व्हावयाचे होते. रंगांधळेपणामुळे ती वाट बंद झाली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापन केले. तेथे बढती डावलली गेली. पुढे बेळगावात बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांचे उत्पादन सुरू झाले. परंतु लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ओसाड जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला.

आज त्या स्थानकावरून कितीतरी विद्यार्थी ये-जा करतात. त्यांना कारखान्याची पाटी दिसते, न विकलेल्या नांगराची ती दोन वर्षे दिसत नाहीत. व्याख्यानमालेचे खरे प्रयोजन ती दोन वर्षे दाखविणे हे आहे. उद्योजकाने आपल्या उलाढालीचे आकडे सांगितले तर टाळ्या पडतील. परंतु पहिले कर्ज कसे फेडले, कोणता माल परत आला, भागीदार का दुरावला, कामगारांचा पगार एखाद्या महिन्यात कसा भागविला, हे सांगितले तर एखादा विद्यार्थी घरी जाऊन विचार करू लागेल.

आता आश्रयदात्याकडे वळू. त्याविषयीही आपल्या इतिहासात बोलकी उदाहरणे आहेत. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला. हजारो देणगीदारांपैकी कोणाचेच नाव मोठे नव्हते, म्हणून ते काम सर्वांचे होते. दुसरे उदाहरण पुन्हा किर्लोस्करवाडीचे. १९२० साली कारखान्याचे वार्तापत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. शंकरराव किर्लोस्कर यांनी ते केवळ नांगर-पंपांच्या जाहिरातीपुरते ठेवले असते तर ते केव्हाच विस्मृतीत गेले असते. त्याचे सर्वसाधारण मासिक झाले, त्यात साहित्य आणि समाजचिंतन आले, म्हणून ते घराघरांत पोहोचले. आश्रय देणाऱ्याने हात किंचित मागे घेतला की कार्य मोठे होते, हा त्यातील बोध आहे.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावी लागते. शिक्षण त्या कार्यात येते. परंतु २०२१ साली सुधारलेल्या नियमांनुसार, आपल्या मालाच्या विक्रीस लाभ व्हावा म्हणून केलेले प्रायोजकत्व त्यात धरले जात नाही. दान आणि जाहिरात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरात करणे हा काही अपराध नव्हे, पण तिला दान म्हणू नये.

म्हणून काही साध्या गोष्टी आरंभीच ठरवाव्यात. प्रायोजकाने दरवर्षी धनादेश देण्याऐवजी एकदाच ठेव द्यावी. पाच लाखांच्या ठेवीवर सहा टक्के व्याज धरले तरी वर्षाला तीस हजार रुपये मिळतात. सहा व्याख्यानांचा प्रवास, आतिथ्य आणि छपाई एवढ्यात काटकसरीने भागू शकते. ठेव विद्यापीठाच्या नावे असली म्हणजे दरवर्षी कोणाची मर्जी राखावी लागत नाही. वक्त्यांची निवड प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्या समितीने करावी. वक्त्यांत कारखानदारांबरोबर लहान कार्यशाळेचा मालक असावा, गृहउद्योग चालविणारी भगिनी असावी आणि ज्याचा उद्योग बुडाला असाही एखादा असावा. भाषण मराठीत व्हावे, त्याला जितका वेळ तितकाच प्रश्नोत्तरांना द्यावा. शेवटी सर्व भाषणे छापून महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ठेवावीत.

मग प्रायोजकाला काय मिळणार, असे कोणी विचारील. कुशल तरुण पुण्या-मुंबईकडे निघून जातात, ही आपल्या उद्योजकांची नेहमीची खंत आहे. आपल्याच गावात काही उभे करता येते, हा विश्वास ज्या तरुणाला मिळाला तो कदाचित येथेच राहील. तो उद्या आपल्याकडे नोकरीला येईल, आपल्याला सुटे भाग पुरवील किंवा आपला प्रतिस्पर्धी होईल. तिन्ही प्रकारे हा मुलूखच समृद्ध होणार आहे.

प्रायोजकाची कसोटी मात्र एकच आहे. ज्या व्यासपीठासाठी त्याने पैसा दिला, त्यावर त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे भाषण ठेवले, तर तो पहिल्या रांगेत बसून ते ऐकेल काय? एखाद्या विद्यार्थ्याने त्याच्याच कारखान्याच्या सांडपाण्याविषयी प्रश्न विचारला, तर शांतपणे उत्तर देईल काय? ज्याचे उत्तर ‘होय’ आहे, त्याचे नाव फलकावर अगदी लहान अक्षरांत लिहिले तरी चालेल. विद्यार्थी ते विसरणार नाहीत.