पडदा इथे, संगणक तिथे

१९९०च्या दशकात इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात ऑलिव्हेट्टी कंपनीची एक संशोधन प्रयोगशाळा होती. तिथली माणसं अंगावर इन्फ्रारेडचा बिल्ला लावून हिंडत. कोण कोणत्या खोलीत आहे हे त्यावरून यंत्रणेला कळे. मग त्याच खोलीतल्या संगणकावर आपलं काम, उघड्या खिडक्यांसकट, मागवून घेता येई. या प्रयोगाचं नाव होतं 'टेलिपोर्टिंग'.

दूरच्या संगणकाचा अख्खा डेस्कटॉप आपल्यासमोर आणणारं 'व्हीएनसी' याच प्रयोगशाळेतलं. १९९८ मध्ये ते सोर्स कोडसह सर्वांना मोफत खुलं झालं.

अडचण होती ती आकड्यांची. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा पडदा आणि दर ठिपक्याला तीन बाइट धरले, तर एकच चित्र साडेतेवीस लाख बाइटचं होतं. त्या काळच्या ५६ केबीपीएस मोडेमवरून ते जायला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला असता. माउस हलवावा आणि चहा टाकायला उठावं!

म्हणून पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवायचा. खिडकी नुसती सरकवली, तर 'तिथला तुकडा उचलून इथे ठेव' एवढा निरोप पुरतो. पण खरी हुशारी पुढेच आहे. पाहणाऱ्याने मागितल्याशिवाय पलीकडचा संगणक काही पाठवतच नाही. लाइन मंद असली की मागणी कमी वेळा होते, मधले बदल गळून जातात आणि दिसते ती ताजी स्थिती. दुसरा फायदा जोडणी तुटल्यावर कळतो. दूरच्या प्रोग्रामच्या खिडक्या दाखवणाऱ्या, एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीत पडद्याशी जोडणी तुटली की सहसा प्रोग्रामही बंद पडतो. व्हीएनसीत मात्र सगळं काम पलीकडेच चालू असतं. लाइन गेली तर दुसऱ्या संगणकावरून जोडावं, अर्धवट वाक्य तिथेच सापडतं.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र हे मूळ व्हीएनसी अगदीच भोळं होतं. पासवर्ड जास्तीत जास्त आठ अक्षरांचा, आणि पडद्यावरचं चित्र नेटवर्कवरून उघडंच जाई. त्यामुळे जाणकार ते एसएसएचच्या कूटबद्ध जोडणीतून नेत. आता दूरनियंत्रणाची अ‍ॅप मोबाइलवरही आली आहेत आणि जोडणी बहुधा कूटबद्ध असते. पण फोनवरून गोड बोलून मालकाकडूनच परवानगी काढून घेणाऱ्यापुढे कूटबद्धता काय करणार? भारतात अशाच एका अ‍ॅपच्या आडून खाती रिकामी केली जाण्याच्या धोक्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं.