कारभाऱ्याची अब्रू आणि संपादकांचा तुरुंग

लोकमान्य टिळकांच्या तुरुंगवासाचा विषय निघाला म्हणजे १८९७ आणि १९०८ हीं दोन सालें कोणाच्याही तोंडीं चटकन् येतात. दोन्ही खटले राजद्रोहाचे. परंतु टिळकांनीं तुरुंगाचें दार प्रथम पाहिलें तें त्याच्या कितीतरी आधीं, १८८२ सालीं. आणि त्या वेळचा अपराध राजद्रोहाचा नव्हता, अब्रुनुकसानीचा होता. फिर्यादी कोणी इंग्रज अधिकारी नसून कोल्हापूर संस्थानचे कारभारी रावबहादुर महादेव वासुदेव बर्वे हे होते. अधिकाराच्या जागेवर बसलेल्या माणसाविषयीं वाईट लिहिलें, तर लिहिणारास तुरुंगांत घालावें कीं नाहीं, हा प्रश्न श्रोत्यांनीं या जुन्या खटल्यावरून पारखून पाहण्यासारखा आहे.

चौथे शिवाजी महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले. राज्याचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीं कारभारी पाहत असत. तरुण महाराजांस वेड लागलें आहे, असें सरकारचें म्हणणें. तर त्यांचा छळ होत आहे आणि त्या छळानेंच त्यांची बुद्धि भ्रमत आहे, अशी वदंता कोल्हापुरापासून पुण्यापर्यंत पसरली होती. 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें निघून तेव्हां पुरतें वर्षही झालें नव्हतें. 'केसरी'चे संपादक गोपाळ गणेश आगरकर, 'मराठ्या'चे टिळक, दोघेही पंचविशीचे. त्यांनीं १८८१ च्या अखेरीस बर्व्यांवर कडक टीका केली, आणि बर्व्यांच्या हातचीं म्हणून दाखविण्यांत आलेल्या कांहीं पत्रांवर भिस्त ठेवली. बर्व्यांनीं फिर्याद केली. तीं पत्रें पुढें बनावट ठरलीं.

खटला चालू असतांच, मार्च १८८२ मध्यें, विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. संपादकांपाशीं पैसा नव्हता. अशा वेळीं जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनीं दहा हजार रुपयांचा जामीन दिला. फुल्यांचें आणि चिपळूणकरांच्या मंडळींचें किती सख्य होतें हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या गोष्टीचें मोल निराळें सांगावयास नको. संपादकांनीं आपली चूक कबूल करून माफी मागितली. तरीही १७ जुलै रोजीं मुंबईच्या हायकोर्टांत दोघांस चार चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले.

या प्रकरणीं संपादकांची चूक झाकण्याचें कारण नाहीं. दुसऱ्याच्या नांवावर खपविलेलें पत्र पारखून न घेतां त्याच्या बळावर माणसाची अब्रू घेणें हा दोषच होय. परंतु पत्रें खोटीं होतीं म्हणून प्रश्नही खोटा होता काय? कोंडलेल्या राजपुत्राची स्थिति काय आहे, हें विचारण्याचा अधिकार प्रजेस होता. शिक्षेनें त्या प्रश्नाची तड लागली नाहीं. पुढल्याच वर्षीं, डिसेंबर १८८३ मध्यें, अहमदनगर येथें गोऱ्या रक्षकाशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा अंत झाला. आणि ज्या अब्रूसाठीं एवढा खटाटोप झाला तिचें काय? बर्व्यांची निर्दोषता छापील माफीनें जेवढी सिद्ध झाली तेवढी झाली. तुरुंगानें तींत भर पडली नाहीं. तुरुंगानें संपादक मात्र लोकांच्या प्रेमास चढले. आज रावबहादुरांचें नांव निघतें तें याच खटल्याच्या निमित्तानें.

ज्या कायद्यानें ही शिक्षा झाली तो १८६० सालचा दंडविधि. त्याच्या ४९९ व्या कलमास दहा अपवाद जोडलेले होते, आणि ते पाहतां कायदा करणारास हा धोका कळलाच नव्हता असें म्हणतां येत नाहीं. लोकहितासाठीं खरें बोलणें हा अपराध नव्हे, असा पहिला अपवाद. सरकारी नोकरानें आपलें काम कसें केलें याविषयीं सद्भावनेनें मत देणें हा अपराध नव्हे, असा दुसरा. कागदावर हें पुष्कळ झालें. व्यवहारांत अडचण अशी कीं, आपण अपवादांत बसतों हें सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर. आणि सद्भावना म्हणजे योग्य ती खबरदारी घेतल्याचा पुरावा. तो पुरावा बहुधा दप्तरांत असतो, आणि दप्तराची किल्ली ज्याच्यावर टीका झाली त्याच्याच कमरेला!

मराठवाड्यांतील वडीलधाऱ्यांस एवढ्या अपवादांचीही चैन ठाऊक नव्हती. औरंगाबाद शहर, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, निजामाच्या राज्यांत असतांना १९२९ च्या 'गश्ती निशाण ५३' प्रमाणें सार्वजनिक सभेस सरकारची आगाऊ परवानगी लागे. बाहेरच्या अनेक वृत्तपत्रांस राज्यांत बंदी होती. अधिकाऱ्याची निंदा झाली कीं नाहीं हा वाद पुढचा. आधीं तोंड उघडावयासच परवाना हवा. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य संपलें, आणि १९५० च्या संविधानानें १९ व्या कलमांत भाषणस्वातंत्र्य दिलें. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटांत अब्रुनुकसानीबद्दल निर्बंध घालण्याची मुभाही ठेवली.

त्या मुभेचा उपयोग अधिकाऱ्यांसाठीं कसा झाला, तें पाहण्यासारखें आहे. १९५५ सालीं फौजदारी कायदा दुरुस्त झाला, आणि मंत्री वा सरकारी नोकर यांची त्यांच्या सार्वजनिक कामासंबंधीं बदनामी झाल्यास सरकारी वकिलानें थेट सेशन्स कोर्टांत फिर्याद करावी, अशी सोय झाली. ही सोय अद्याप कायम आहे. सामान्य माणसानें आपल्या अब्रूसाठीं स्वतः कोर्टाची पायरी चढावी. अधिकाऱ्याच्या अब्रूचा खर्च मात्र सरकारी तिजोरीनें सोसावा. उलटपक्षीं १९९४ सालीं राजगोपाल खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, सरकारी कामासंबंधींच्या लिखाणाबद्दल अधिकाऱ्यास नुकसानभरपाई मागतां येणार नाहीं. मजकूर खोटा असून खऱ्याखोट्याची बेपर्वाई करून लिहिला, असें त्यानें दाखविलें तरच मागतां येईल. म्हणजे दिवाणी कोर्टांत बोजा अधिकाऱ्यावर, आणि फौजदारी कोर्टांत तोच बोजा लिहिणारावर! ज्या वाक्यापायीं शंभर रुपये मिळणें कठीण, त्याच वाक्यापायीं माणूस तुरुंगांत धाडतां यावा, ही व्यवस्था चमत्कारिक म्हटली पाहिजे. २०१६ सालीं सुब्रमण्यम स्वामी खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें फौजदारी कलम वैध ठरविलें. प्रतिष्ठा हाही जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हें त्याचें मुख्य कारण.

तें कारण हलकें नाहीं. खेड्यांतील तलाठ्यावर किंवा दवाखान्यांतील परिचारिकेवर कोणी घाणेरडा आळ घेतला, तर ती व्यक्ति सरकारी नोकर आहे एवढ्यावरून तिची अब्रू स्वस्त होत नाहीं. दिवाणी दावा वर्षानुवर्षें रेंगाळतो, हेंही खरें. पण फौजदारी खटला तरी कोठें लवकर संपतो? तारखेमागून तारीख पडते, आरोपी दर वेळीं गांवाहून येतो, आणि निकाल लागण्यापूर्वींच अर्धी शिक्षा भोगून होते. श्रीलंकेनें २००२ सालीं आणि इंग्लंडनें २००९ सालीं कायदा करून ही फौजदारी शिक्षा काढून टाकली; तेथील अधिकाऱ्यांस भरपाईचा आणि खुलाशाचा मार्ग तेवढा उरला.

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३५६ व्या कलमांत दोन वर्षांपर्यंतची कैद राहिली आहे. मात्र तिच्या जागीं समाजसेवेची शिक्षा देण्याची नवी वाट न्यायाधीशांस मिळाली आहे. वाट अगदींच नवी म्हणावयाची, तर १८८२ च्या कलमांतही कैद न देतां केवळ दंड करून सोडतां येत होतें. माफी मागून उभ्या असलेल्या दोघा संपादकांच्या बाबतींत हायकोर्टानें ती मुभा वापरली नाहीं.